वादळ किती मोठं, यापेक्षा ते कुठून गेलं ते पाहा

दिवेआगर परिसरातल्या एका बागायतदारांचा प्रश्न: "निसर्ग चक्रीवादळ नुसतं 'तीव्र' होतं, तरी माझी पोफळीची, म्हणजे सुपारीची, वाडी आडवी झाली. पुढच्या वर्षीचं तौक्ते वादळ त्याहून कितीतरी मोठं म्हणत होते, पण माझ्याकडे चार झावळ्या पडल्या. मग तीव्रतेच्या या शब्दांवर आम्ही विसंबायचं कसं?"

शब्द खोटे नाहीत, पण ते तुमच्या वाडीविषयी काही सांगत नाहीत. हवामान विभाग दर्जा ठरवतो तो वादळाच्या केंद्राभोवतीच्या सलग वाऱ्यावरून. ताशी 62 किलोमीटरला चक्रीवादळ, 89 पासून तीव्र, 118 पासून अतितीव्र आणि 222 च्या वर महाचक्रीवादळ. 3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनजवळ जमिनीवर चढलं. वारा ताशी 110 किलोमीटरच्या आसपास होता, पण तो थेट तुमच्या आगरावरून गेला. मे 2021 मधलं तौक्ते ताशी 180 च्या घरात पोचलं, मात्र कोकणासमोरून समुद्रातूनच वर सरकलं आणि 17 तारखेच्या रात्री सौराष्ट्रात उनाजवळ धडकलं. तिकडच्या केसर आंब्याच्या आणि नारळाच्या बागा विचारा, त्यांना 'मोठं' म्हणजे काय ते कळलं. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात झाडावर असलेला हापूस गळाला, तो त्याच्या कडेच्या वाऱ्यानं.

दुसरी गोष्ट हिशोबाची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब चौपट होतो. ताशी 60 ला डुलणारी पोफळ 120 ला का टिकत नाही, ते यात आलं. त्यात आगराची जमीन रेवट, मुळं तंतूसारखी आणि उथळ, खोड बारीक आणि उंच. निसर्गनंतर मी पाहिलेल्या एका वाडीत काही पोफळी मुळासकट उपटल्या होत्या, काही कमरेएवढ्या उंचीवर पिळून मोडल्या होत्या. पिळल्या याचं कारण, केंद्र जवळून गेलं की वाऱ्याची दिशा फिरते. शिवाय एक पडली की शेजारणीला घेऊन पडते.

म्हणून पुढच्या वेळी बातमीत दर्जाबरोबर दोन गोष्टी नक्की पाहा: किनाऱ्यावर कुठे चढणार आणि तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला. वादळ ज्या दिशेनं चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा, तुमच्या उजव्या हाताची बाजू जास्त झोडपली जाते. आणि मध्येच वारा एकदम पडला तर वाडीत धावू नका. ते वादळाचं केंद्र असू शकतं, उलट्या दिशेचा वारा पाठोपाठ येतो.

"पडलेल्या झाडांचं काय करू?"

आधी पंचनामा, मग सफाई. झाडांची मोजणी करा, फोटो काढा, त्याशिवाय करवत लावू नका.

निम्मी मुळं जमिनीत असलेलं तरुण आंब्याचं कलम वाचतं, मात्र मुळं सुकायच्या आत हालचाल हवी. फांद्यांचा बराचसा भार उतरवा, कलम हळूहळू उभं करा, आधार द्या, बुंध्याशी मातीची भर घाला. प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, प्लॅस्टिकच्या भांड्यातच. जुनं, पूर्ण उपटलेलं झाड उभं करण्यात पैसे घालू नका. मला हे सांगताना वाईट वाटतं, आजोबांच्या हातचं झाड असतं ते.

माडाचा कोंब हललेला असेल तर शेंडा साफ करून 1 टक्का बोर्डो मिश्रण ओता, नाहीतर कोंब कुजतो. पडलेली खोडं वाडीत सडत ठेवण्याची चूक मात्र करू नका. त्यांत गेंड्या भुंगा वाढतो, आणि उभ्या माडांच्या जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो. वादळात वाचलेला माड वर्षभरानं भुंग्यानं गेलेला मी पाहिलाय.

उभ्या राहिलेल्या पोफळींना आता नवा धोका उन्हाचा. सावली देणारे माड गेले की हिवाळ्यात दक्षिण-पश्चिमेच्या उन्हानं खोड भाजतं, तडकतं. त्या बाजूला झावळ्या बांधा किंवा चुना फासा. मोकळ्या जागेत पोफळीची रोपं लावा आणि त्यांच्या सावलीला केळ. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर केळीचं उत्पन्न हाताशी राहील.

"भातशेतात खाडीचं पाणी घुसलंय. यंदा शेत पडीक ठेवू का?"

लगेच निर्णय नको. बांध आधी दुरुस्त करा, मग पावसाचं गोडं पाणी शेतात साठवा आणि ओहोटीला उघडीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, सोडून द्या. असं दोन-तीनदा केलं की क्षार बराच धुतला जातो. तोवर चिखलणी थांबवा. शेतातली माती तपासून घ्या, आणि क्षार उरलेला निघाला तर पनवेल 1, 2 किंवा 3 या खारजमिनीच्या जातींचं बी घ्या.