ज्यांना तारखा माहीत नव्हत्या

प्रिय मित्रा,

तुझ्या नाटकाची संहिता मिळाली, ती ज्यावर बेतली आहेस ते तुझ्या आजोबांच्या आठवणींचं पुस्तकही मिळालं. आधी पुस्तक वाचलं, मग संहिता, मग पुन्हा पुस्तक. म्हणून उत्तराला उशीर.

पुस्तक चांगलं आहे आणि तीच तुझी पंचाईत आहे. आजोबांनी ते लिहिलं तेव्हा आणीबाणी उठून बरीच वर्षं झाली होती. २५ जून १९७५ची रात्र सांगतानाही त्यांना २१ मार्च १९७७ ठाऊक आहे, त्यामुळे प्रत्येक पानाला एक निवांतपणा आहे. वाचकाला तो बरा वाटतो, नाटकाचा मात्र त्याने जीव जातो. तुझ्या पहिल्याच प्रवेशात पोलीस आजोबांना घेऊन जातात आणि आजी म्हणते, "पल्ला लांबचा आहे." तिला कुणी सांगितलं? त्या रात्री तिला वाटलं असेल की दोन दिवसांत येतील. तिने डबा किती दिवसांचा भरला, ते घरात कुणाला तरी विचार.

मिसा, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याचा कायदा; त्याखालच्या कैदेची गोम इथेच आहे. शिक्षा झालेला कैदी रोज एक दिवस वजा करतो. स्थानबद्धाला वजाबाकी करताच येत नाही, त्याची नुसती बेरीज चालू असते. कायद्यात दुरुस्ती करून त्याला अटकेची कारणं सांगण्याचीही गरज ठेवली नव्हती. म्हणजे गुन्हा माहीत नाही, मुदत माहीत नाही, आणि समोरच्या खाटेवरचा माणूस रोज नवी अफवा आणतो. येरवड्याच्या बराकीतलं तुझं अख्खं नाट्य यात आहे. तू मात्र तिथे भाषणं घातली आहेस. चांगली आहेत, पण ती २०२०नंतरच्या माणसाची आहेत.

पडद्यावर येणाऱ्या तारखा काढ. हे मी शहाणपणाने सांगत नाही, हात पोळलेत म्हणून सांगतो. माझ्या एका नाटकात दर प्रवेशाआधी सूत्रधार येऊन साल-महिना सांगायचा. एका प्रयोगाला त्या नटाला ताप आला, ऐनवेळी बदली मिळेना, तेव्हा आम्ही तसंच दामटलं. त्या दिवशी "हे कधीचं?" असं एकानेही विचारलं नाही आणि प्रयोग बारा मिनिटांनी आटोपशीर झाला. सूत्रधार परत आलाच नाही. नटाचा राग अजून आहे.

२६ जूनच्या सकाळचं पंतप्रधानांचं आकाशवाणीवरचं निवेदन ठेवायचं तर ठेव, पण सगळं घर रेडिओभोवती गोळा करू नकोस. ते वाक्य इतिहासात जाणार आहे हे तेव्हा त्यांना कुठे माहीत होतं? कुणी अर्धं ऐकेल, कुणी "काय म्हणाल्या?" म्हणेल, आणि तेवढ्यात निवेदन पुढे गेलेलं असेल.

आता धाकट्या आजोबांकडे येतो. माझ्या मते नाटक तिथे आहे. पुस्तकात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आहे: "तो मे महिन्यात बाहेर पडला." दोन भाऊ एका बराकीत, एक हमीपत्रावर सही करून सुटतो, आणि मोठा भाऊ आयुष्यभर त्याबद्दल पाच शब्दांपलीकडे लिहीत नाही. तू त्यांना सरळ भेकड करून टाकलंस. पण त्या मेच्या आधीचा एप्रिल बघ. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागता येते असं म्हटलं होतं, म्हणजे आशेला जागा होती. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती जागा बुजवली. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले. त्यानंतर काही दिवसांतली ही सही आहे. पुढच्या १८ जानेवारीला निवडणुका जाहीर होतील हे ज्याला माहीत नाही, त्याच्यासमोर कागद ठेव आणि मग प्रवेश लिही. मोठ्या भावाने त्या रात्री त्याला अडवलं, की पाठ फिरवून झोपेचं सोंग घेतलं? पुस्तक गप्प आहे. तुला ठरवावं लागेल, आणि ठरवलेलं हे तुझं आहे, आजोबांचं नाही, हेही घरी सांगावं लागेल.

तुरुंगातून आलेलं ते पत्र मात्र हातही न लावता ठेव. "इकडे सर्व ठीक," मग तीन ओळी काळ्या, मग "जाड पांघरूण पाठव." अभिनेत्रीला काळ्या ओळींवर थांबू दे, आणि तीही ओळीगणिक वेगळी. कागद दिव्यासमोर धरून ती अक्षरं शोधते आणि सासूबाई विचारतात, "काय लिहिलंय?" ती म्हणते, "पांघरूण मागितलंय." तुझ्या खर्ड्यात नंतर निवेदक येऊन खोडलेला मजकूर वाचून दाखवतो. त्याला घरी पाठव.

पात्रं एकोणतीस आहेत, सात नटांत बसव. पोलीस, तुरुंगाधिकारी आणि पत्र तपासणारा कारकून एकानेच केले तर बिघडत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा आजोबांच्या सगळ्या वारसांकडून नाट्यरूपांतराची लेखी परवानगी घे. तोंडी "कर रे" पुरत नाही. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडेही जाईल. सेन्सॉरने खोडलेलं पत्र सेन्सॉरकडून पास करून आणायचं, ही गंमत तुला पुढे प्रत्येक मुलाखतीत सांगता येईल.

धाकट्या आजोबांच्या मुलांची परवानगी कायद्याने लागत नाही. तरी पहिलं वाचन त्यांच्या घरी कर, तालमी सुरू व्हायच्या आधी. सहीचा प्रवेश चालू असताना संहितेतून मान वर करून त्यांच्याकडे बघू नकोस. चहा झाल्यावर ते आपणहून काही बोलले तर ऐकून घे, वही काढू नकोस.

सहीचा प्रवेश आधी पाठव. बाकीचं थांबलं तरी चालेल.

तुझा,
काका