मनोविश्लेषणात, म्हणजे माणसाला बोलतं करून मनात दडलेलं समजून घेण्याच्या उपचारात, मोठं काम करणाऱ्याला नोबेलसारखा काही पुरस्कार असतो का?

आहे. सिगर्नी पुरस्कार, १९८९ मध्ये सुरू झालेला, खास याच क्षेत्रासाठी. नोबेल तर ही पद्धत सुरू करणाऱ्या खुद्द फ्रॉइडलाही मिळालं नाही. १९३० मध्ये फ्रँकफर्ट शहरानं त्याला गटे पुरस्कार दिला, पण तब्येत बरी नव्हती म्हणून मुलगी अ‍ॅना घ्यायला गेली.

आपल्याकडचं नाव म्हणजे गिरींद्रशेखर बोस. १९२२ मध्ये कलकत्त्यात त्यांनी मनोविश्लेषणाची संस्था काढली. फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता, आणि त्याचे मुद्दे पटले नाहीत तर तसं कळवायचेही! मला हेच जास्त आवडतं.

बाकी आमच्या दारव्ह्याकडं अजूनही ‘बाहेरचं लागलं’ म्हणत माणसाला आधी भगताकडं नेतात. मनातलं ऐकून घेणाऱ्याला कोण शाल-नारळ देणार? तो मान सरपंचाचा.