गुणवत्तेचा खर्च मोजायला सुरुवात कुठून करावी?

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या तुमच्या कारखान्यात गुणवत्तेचा खर्च मोजायचा आहे, पण अकाउंट्सकडून भंगाराच्या आकड्यापलीकडे काहीच मिळत नाही, असे आपण लिहिले आहे. एका मशीन शॉपमध्ये हेच काम करताना मलाही तिथेच अडायला झाले होते.

अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ आर्मंड फायगेनबॉम यांनी १९५६ मध्ये मांडलेली प्रतिबंध (दोष होऊ नयेत म्हणून केलेला खर्च), तपासणी आणि अपयश (दोष झाल्यामुळे बसणारा खर्च) ही विभागणी आपल्याला ठाऊक असेलच. मात्र ज्याचे व्हाउचर निघते तेवढाच खर्च वह्यांत दिसतो. भंगाराची विक्री तर पुष्कळदा ‘इतर उत्पन्ना’त जमा होते, म्हणजे रिजेक्शन वाढले की उत्पन्नच वाढल्यासारखे भासते! समजा, ८८० रुपयांचे कास्टिंग (ओतीव भाग) ३४० रुपयांचे मशीनिंग होऊन पाचव्या ऑपरेशनला बोअर (आतले भोक) मोठा झाल्यामुळे बाद झाले आणि भंगारात त्याचे २६० रुपये आले, तर नुकसान ९६० रुपयांचे आहे. ते मशीन आधीच अपुरे पडत असेल, तर बुडालेल्या विक्रीवरचा नफाही त्यात धरावा लागतो. म्हणून रिजेक्शन स्लिपवर नगांबरोबर ऑपरेशन क्रमांक लिहिणे सक्तीचे करा.

बाह्य अपयशाचा, म्हणजे माल ग्राहकाकडे गेल्यावर सापडलेल्या दोषांचा, खर्च विखुरलेला असतो. ग्राहकाची डेबिट नोट (आपल्या बिलातून कापलेल्या रकमेची चिठ्ठी) सापडते, परंतु त्याच्या गोदामात सॉर्टिंगसाठी, म्हणजे सदोष नग वेगळे काढण्यासाठी, पाठवलेल्या माणसांची मजुरी कंत्राटी कामगारांच्या बिलात आणि तातडीने पाठवलेल्या टेम्पोचे भाडे वाहतूक खर्चात मिसळून जाते. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे प्रमाणपत्र असेल, तर व्यवस्थापन आढाव्यात अंतर्गत आणि बाह्य अपयशाचा खर्च मांडावाच लागतो. त्या निमित्ताने अकाउंट्सची मदत मागता येते. प्रतिबंधाचा खर्च पहिल्या वर्षी अंदाजाने धरला तरी चालेल.

आकडा केवळ विक्रीच्या टक्केवारीत मांडू नये, असे माझे मत आहे. कास्टिंगचा भाव वाढून विक्रीदर वाढला, की रीवर्क (सदोष नग दुरुस्त करण्याचे काम) आणि तपासणीचा टक्का काहीही न करता उतरतो. जोडीला प्रति मशीन-तास खर्च दाखवा.

सर्वांत लपलेला भाग रीवर्कचा, कारण तो उत्पादनाच्या तासांतच जिरतो. त्याची नोंद सुरू केली, की पहिले काही महिने एकूण आकडा चढतो, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे ते सांगायचे राहिले, पहिल्याच आढाव्यात शॉपला बोलणी बसली, आणि दुसऱ्या महिन्यापासून रीवर्कच्या नोंदी कमी झाल्या. रीवर्क होते तेवढेच राहिले.