छोट्या स्क्रूंसाठी थ्रेडलॉकर: जांभळा घ्या

थ्रेडलॉकर म्हणजे स्क्रू आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांवर लावायचा द्रव. त्यातला लाल आधी बाजूला ठेवा. तो कायमच्या जोडांसाठी असतो. सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, आणि एम२-एम३ (२-३ मिमी जाडीच्या) स्क्रूचं डोकं त्याआधीच झिजतं किंवा तुटतं. निळा मध्यम ताकदीचा, साधारण एम६ आणि त्यापुढच्या बोल्टना शोभतो. तुमच्या छोट्या स्क्रूंच्या कामाला जांभळा, म्हणजे लॉकटाइट कंपनीचा २२२ किंवा त्याच्या तोडीचा. साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटतो.

हे द्रव हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. म्हणून आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा, तेलकटपणा राहू देऊ नका. एक बारीक थेंब पुरतो, तोही जिथे आटे एकमेकांत बसतात तिथेच. स्टेनलेस स्टीलवर किंवा झिंकच्या मुलाम्यावर वेळ जास्त लागतो. घाई असेल तर अ‍ॅक्टिव्हेटर (द्रव लवकर घट्ट करणारं रसायन) वापरा. एरवी २४ तास यंत्र चालवू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

प्लॅस्टिक जवळ असेल तर मात्र फार जपा! पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लॅस्टिकांना या द्रवाने तडे जातात. स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्येच जात असेल, तर थ्रेडलॉकर नकोच. नायलॉनची रिंग असलेला लॉकनट बसत असेल तर तो लावा.