विद्यापीठातली कायम नोकरी सोडून गावी परतलेलं कोणी आहे का? आता काय वाटतं?

तुम्ही लिहिलंय की विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहात, गाव रत्नागिरीकडचं आहे, चाळिशी उलटली आहे, आणि राजीनामा देऊन गावी जावं असं बरेच दिवस मनात घोळतंय. ज्यांनी असं केलंय त्यांनी खरं काय ते सांगावं, असं तुमचं म्हणणं.

मी केलंय. घाटावरच्या एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, सहयोगी प्राध्यापक झाले होते. आता देवगड तालुक्यात आमच्या घरी राहते. परत जावंसं वाटत नाही. पण एक गोष्ट तिथंच राहिली, ती इथं मिळत नाही, आणि ती कुणी मला आधी सांगितली नव्हती. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

आधी सोडलं का ते सांगते, कारण तुमचीही कारणं बहुतेक हीच असतील. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं आहे, एकूण काम ४० तासांचं. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात विभागातला माणूस निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी राहते, त्याचे तास तासिका तत्त्वावरच्या पोरांना मिळतात, आणि त्याच्याकडच्या समित्या मात्र उरलेल्या कायम लोकांत वाटल्या जातात. तासिकावाल्यांना समितीत घेता येत नाही, सही त्यांची चालत नाही. मग नॅकचा (महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा) वार्षिक अहवाल, अभ्यासक्रमाची फलितं आणि त्यांचं मॅपिंग, अभिप्रायाचे फॉर्म, नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे क्रेडिटची फेरमांडणी, हे सगळं आमच्या टेबलावर. पदोन्नतीसाठी स्वतःची फाइल वेगळी.

ही कागदपत्रं निरर्थक आहेत असं मी म्हणणार नाही. मी शिकत होते तेव्हा शिक्षक वर्गावर आलाच नाही तरी त्याला कोणी विचारत नसे. नॅक १९९४ साली सुरू झालं, त्यानंतर प्रयोगशाळेत काय आहे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, विद्यार्थ्याला शिक्षकाबद्दल काय वाटतं, हे निदान विचारलं जाऊ लागलं. ते चांगलंच झालं. माझा राग वेगळा आहे. काम झाल्याचा पुरावा गोळा करणं हेच हळूहळू काम होऊन बसलं.

आमची एमएस्सीची अभ्याससहल मालवणला यायची, समुद्री शैवालं बघायला. शैवालं बघायची तर हिवाळ्यात यावं लागतं आणि उधाणाची ओहोटी धरावी लागते, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास. पाणी खूप खाली जातं, एरवी कधी न दिसणारं खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा खडक, उघडं पडतं, आणि तेवढ्यापुरता तुमचा वर्ग भरतो. सार्गॅसम, पॅडिना, कॉलर्पा हाताशी येतात. पाणी एकदा फिरलं की संपलं, ते कुणासाठी थांबत नाही. एका वर्षी त्या मोजक्या वेळातला मोठा भाग बॅनर धरून, सगळ्यांचे चेहरे दिसतील असे जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो काढण्यात गेला, कारण आदल्या वर्षीचे फोटो समितीनं अपुरे ठरवले होते. फोटो होईपर्यंत लाटा पायाशी आल्या होत्या. पोरं हसत होती, त्यांना काय गेलं ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सोडायचं त्या दिवशी मनात पक्कं झालं, प्रत्यक्ष सोडायला पुढं बराच काळ लागला.

आता हरवलं काय ते.

आमच्या वर्गात वनस्पतिशास्त्राची ओढ असलेली मुलं थोडी. बाकीची कशी आलेली असत? कुणाला रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला नाही, कुणाच्या आतेबहिणीनं हेच केलं होतं, कुणाला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला वसतिगृह हवं होतं. त्यांनी मला निवडलेलं नव्हतं आणि मीही त्यांना निवडलेलं नव्हतं. नोकरीत असताना मी यावर तक्रार करायचे, स्टाफरूममध्ये सगळेच करतात. आता मला तीच मुलं आठवतात.

मालवणकडचा एक मुलगा होता, घरी मासेमारी. वर्गात वर्षभर एक शब्द बोलला नव्हता. एका वर्षी सहलीची तारीख आमच्याकडे कोणी न विचारता वरून ठरली. बसमध्ये बसायच्या आधी तो माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, परवा अष्टमी. भांगाचा पाणी, खडप उघडा पडूचा नाय." भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओहोटीतही पाणी फारसं खाली जात नाही. तारीख बदलून घेणं शक्य नव्हतं. मग आम्ही खडपाचा नाद सोडून कोळंबच्या खाडीत कांदळवन बघायला गेलो, आणि वाटेत बसमध्ये मी त्यालाच उभं केलं. त्यानं सगळ्यांना हिशोब सांगितला : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. माझ्या घरचे लोकही असंच मोजतात, मला ते ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकताना वर्गातली मुलं ज्या नजरेनं त्याच्याकडे बघत होती ती नजर मला हवी होती. त्यानं पुढं वनस्पतिशास्त्र केलं नाही, आज तो बँकेत आहे. त्यामुळं काही बिघडलं असं मला वाटत नाही.

त्याच खाडीत दुसरी गोष्ट घडली. कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातली एक मुलगी होती, समुद्र पहिल्यांदाच बघत होती. तिवराचं (कांदळवनातल्या एका झाडाचं) पान चाटून बघा, असं मी सगळ्यांना सांगते. पानावरच्या ग्रंथींतून तिवर मीठ बाहेर टाकतं, दुपारी ते पानावर पांढरं दिसतं. तिनं चाटलं, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे झाड मीठ बाहेर टाकतं, मग आमच्या रानातला ऊस का मरतो?" तिच्या वडिलांची जमीन क्षारपड झालेली होती. वर्षानुवर्षं पाटाचं पाणी भरपूर दिलं, निचरा नाही, पाण्याची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर जमिनीतले क्षारही वर आले. शिरोळमध्ये अशी रानं कितीतरी आहेत. मग चिखलात उभं राहूनच तास झाला. तिवर मीठ घेतं आणि टाकतं, कांदळ हे तिथलंच दुसरं झाड ते मुळांशीच बहुतेक अडवतं, उसाला यातलं जेमतेम काही जमतं, मुळाबाहेर खारटपणा वाढला की त्याला पाणीच ओढता येत नाही. तिनं पुन्हा विचारलं, मग रान सुधारतं कशानं? मी म्हणाले, निचऱ्यानं, क्षार धुऊन खाली घालवले तर. तिनं त्यावरच एमएस्सीचा प्रकल्प केला.

पुस्तकातला तो धडा मी बरीच वर्षं शिकवत होते. समुद्रकाठच्या झाडाचा आणि घाटावरच्या उसाचा एकत्र विचार करायला मला त्या मुलीनं लावलं. आणि ती मुलगी माझ्याकडे आपण होऊन कधीच आली नसती. ती आली कारण वेळापत्रकात माझा तास होता आणि हजेरी लागत होती.

इथं आता माझ्याकडे जे येतात ते आवडीनं येतात. मुंबई-पुण्याहून सुट्टीत येणारे लोक असतात, त्यांना मी सड्यावर (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर) आणि खाडीत फिरवते. पावसाळ्यात सड्यावर कीटकभक्षी सीतेची आसवं फुलतात, ती बघायला लांबून लोक येतात. प्रश्न चांगले विचारतात, वाचून आलेले असतात. मला त्यांच्याबरोबर फिरायला आवडतं. पण त्यांच्यात ऊस मेलेली मुलगी नसते. वर्गात अशी दोन-चार असायचीच आणि कोण ते आधी कळायचं नाही. शिक्षकाला ओढ नसलेला विद्यार्थी मिळणं हा नोकरीतला त्रास नसून तिचा मोठा भाग आहे, हे माझं आजचं मत आहे, आणि ते मी ठामपणे मांडते.

यावर मी एक गोष्ट करते. आठवड्यातला एक तास जवळच्या हायस्कुलात नववीला घेते, मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. तिथं पुन्हा ती मुलं भेटतात ज्यांनी मला मागितलेलं नाही. पण आठवड्याचा एक तास आणि दोन वर्षांची सोबत यांत फरक आहे, तो भरून येत नाही.

पैशाचं थोडक्यात. सातव्या वेतन आयोगात सहयोगी प्राध्यापकाचं मूळ वेतनच १,३१,४०० पासून सुरू होतं. तेवढं इथं मिळणार नाही, हे समजून या. आमची हापूसची कलमं आहेत, भाऊ बघतो, मी मदत करते. मोहोराच्या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा थ्रिप्स (फुलकिडे) आले की फवारणीचा खर्च वाढतो आणि पेट्या घटतात. ग्रामपंचायतींच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांचं काम अधूनमधून मिळतं. पगाराची सवय असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. घरचं कर्ज फिटलेलं असेल आणि मुलांच्या शिक्षणाची सोय वेगळी काढलेली असेल, तरच हा विचार करा.

नियमांतल्या दोन-तीन गोष्टी मात्र नीट बघा. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत फार मोठा फरक आहे. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असेल तर तुम्ही जुन्या निवृत्तिवेतनात आहात. त्यात २० वर्षं सेवा पुरी करून स्वेच्छानिवृत्ती घेतली तर निवृत्तिवेतन मिळतं, राजीनामा दिला तर आधीची सेवा जप्त होते. वर्ष-दीड वर्षासाठी घाई करून ते घालवू नका. नेमणूक त्यानंतरची असेल तर तुम्ही बहुधा एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आहात. मी बाहेर पडले तेव्हा साठीआधी निघणाऱ्याला जमलेल्या रकमेच्या ८० टक्क्यांची वार्षिकी (ठरावीक पेन्शन देणारी योजना) घ्यावी लागत होती, हातात २० टक्केच. सध्याचा नियम तुमच्या लेखा विभागाकडून लेखी घ्या. आणि आधी बिनपगारी रजा मिळते का विचारा. ती मिळाली तर एक पावसाळा गावी काढून बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाव सगळ्यांनाच गोड लागतं. जुलैत वीज नसते, वाटा बुडतात, बोलायला माणूस नसतं, तेव्हा तिथं राहवतं का ते कळेल.

तुमच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी असतील तर तारीख त्यांच्याकडे बघून ठरवा. मार्गदर्शक बदलायला समितीची मंजुरी लागते, त्यात महिने जातात, आणि नव्या मार्गदर्शकाला त्यांच्या विषयात रस असेलच असं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध अर्ध्यावर होता. तिची मौखिकी झाल्यावरच मी पत्र दिलं.

तुमचा विषय कोणता ते प्रश्नात दिसलं नाही, आणि नेमणूक कुठल्या सालची तेही. ही दोन्ही लिहिलीत तर पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.