धंदा अडचणीत आहे हे कामगारांना आणि ग्राहकांना खरं सांगावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सगळ्यात मोठा ग्राहक गेलाय, पुढचे दोन पगार कुठून काढायचे ते दिसत नाही, एका ऑर्डरला उशीर होणार हे तुम्हाला आजच माहीत आहे. आणि यातलं काहीही तुम्ही कोणाला सांगितलेलं नाही, घरी बायकोलाही नाही. सांगितलं तर माणसं सोडून जातील, ग्राहक फायदा घेतील अशी भीती आहे, आणि न सांगता झोप लागत नाही.

मी १९ वर्षं यंत्रांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करतोय, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरप्रमाणे भाग बनवून देतो. माझं उत्तर आधी देतो: सांगा, पण सगळं सगळ्यांना नको. मी स्वतःला एकच विचारतो. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे समोरचा माणूस चुकीचा निर्णय घेईल का? घेणार असेल, तर त्याने तो घेण्याआधी त्याला ती कळलीच पाहिजे. तसं नसेल, तर मी फक्त माझं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवतोय.

हे मला एका माणसाचं नुकसान केल्यावर कळलं.

सातव्या-आठव्या वर्षी आमचं जवळपास निम्मं काम एकाच कंपनीचं होतं. ती बिलं थकवायला लागली. आधी ४५ दिवस, मग ९०, मग फोन उचलणं बंद. मी वर्कशॉपमध्ये नेहमीसारखाच वावरत होतो, सकाळचा राउंड, हातात ड्रॉइंग, चेहऱ्यावर काही नाही. आमचा सुपरवायझर पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर होता. एका संध्याकाळी मशिनं बंद झाल्यावर तो कॉटन वेस्टला हात पुसत केबिनच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "साहेब, सगळं ठीक आहे ना? माल कमी येतोय." मी मान वर न करता म्हटलं, "एकदम ठीक. होईल सुरळीत." तो "बरं" म्हणून गेला.

त्याच महिन्यात त्याने घराच्या कर्जाच्या कागदांवर सही केली होती. मला ते बऱ्याच उशिरा कळलं. तीन महिन्यांनी पहिल्यांदा पगार लांबला तेव्हा तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात अर्धाच पगार हातात दिला तेव्हा आला आणि एवढंच म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला."

मला त्याला फसवायचं नव्हतं. उलट मी त्याला काळजीपासून लांब ठेवतोय असंच मला वाटत होतं. पण तो सहज चौकशी करायला आला नव्हता. त्याला एक मोठं पाऊल टाकायचं होतं आणि जमीन घट्ट आहे का, हे तो मला विचारत होता. मी तिकडे न बघता "घट्ट आहे" म्हणून सांगितलं. पुढे तो दुसरीकडे लागला. त्याने योग्यच केलं.

तो गेल्यानंतरच्या सोमवारी मी उरलेल्या ११ जणांना मशिनं बंद ठेवून एकत्र बोलावलं. एका कागदावर तीन आकडे लिहून नेले होते: येणं किती, देणं किती, आज बँकेत किती. ते वाचून दाखवले. माझा आवाज कापत होता, तो मी लपवला नाही. मग सांगितलं की हा पगार पूर्ण मिळेल, पण १० तारखेऐवजी १८ ला. पुढच्या महिन्याचं आज सांगता येत नाही, ते २० तारखेला इथेच उभा राहून सांगेन. कोणाला दुसरीकडे बघायचं असेल तर बघा, अनुभवाचं पत्र मी देईन आणि मनात काही ठेवणार नाही.

दोघं गेले. नऊ जण राहिले. त्या दिवशी एका हेल्परने आठवण करून दिली की मागच्या बाजूला किती तरी महिन्यांचं स्क्रॅप पडून आहे, ते विकून का टाकत नाही. मी ते पार विसरलो होतो. आकडे कळल्याशिवाय त्याने तरी ते कशाला सुचवलं असतं?

यात आवाज कापण्याला काही महत्त्व नाही. महत्त्व २० तारखेचं आहे. २० ला माझ्याकडे चांगली बातमी नव्हती, तरी मी उभा राहिलो आणि "अजून पैसे आलेले नाहीत" असं सांगितलं. त्यानंतरच कुजबुज थांबली असं मला वाटतं. एकदा मन मोकळं करणं सोपं असतं. ठरलेल्या तारखेला परत जाऊन वाईट बातमी सांगायची म्हणजे पाय उचलत नाहीत.

दिवस जातील तसं सांगणं जड होत जातं, म्हणून थांबू नका असं मी आग्रहाने सांगतोय. याचं फार मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबातल्या फसवणुकीची कबुली दिली. ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक म्हणून दाखवलेले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. मला त्या पत्रातली दुसरीच गोष्ट जास्त लागली. खरा नफा आणि कागदावरचा नफा यांतलं अंतर सुरुवातीला किरकोळ होतं, वर्षागणिक ते वाढत गेलं, असं त्यांनी लिहिलंय. आपण वाघावर स्वार झालो होतो आणि त्याच्या तोंडी न पडता खाली कसं उतरायचं ते कळत नव्हतं, असंही. २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. तुमची-माझी गोष्ट फसवणुकीची नाही, तुलना तेवढ्यापुरतीच. पण अंतर किरकोळ असतं तेव्हाच खाली उतरता येतं, हे आपल्यालाही लागू आहे.

आता ग्राहकाकडे वळू. फायदा घेतील का? काही जण घेतात. मी एका ग्राहकाला, चहा पिता पिता, हाताशी पैसे नाहीत हे बोलून गेलो होतो. पुढच्याच ऑर्डरला त्याने दर पाडून मागितला, आणि मला तो द्यावा लागला. तेव्हापासून मी ग्राहकाला तंगी सांगत नाही, उशीर सांगतो. माझ्या बँकेत किती आहे यावर त्याचं काही ठरत नाही. माल २५ तारखेला येणार की १० ला, यावर त्याची उत्पादनाची अख्खी लाइन ठरते. म्हणून उशीर होणार हे कळलं त्याच दिवशी फोन करायचा आणि नवी तारीख द्यायची, ती सुद्धा पाळता येईल अशीच. याला एक अपवाद आहे. तुम्ही त्याच्याकडून ॲडव्हान्स घेणार असाल आणि माल देता येईल याची तुम्हालाच खात्री नसेल, तर तुमची तंगी हीसुद्धा त्याला कळायलाच हवी अशी गोष्ट होते. ती लपवून पैसे घेतले तर तो बेइमानीचा व्यवहार झाला, त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. कच्चा माल उधारीवर उचलण्याआधी पुरवठादाराशी बोलणं आणि हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बसणं, हेही यातच आलं.

चूक आपली असेल तेव्हा काय करायचं, हा याहून अवघड भाग. तो तुम्ही विचारलेला नाही, पण लवकरच समोर येईल, कारण ताणाखाली चुका वाढतात.

आमच्याकडून बुशचा, म्हणजे आत दांडा बसतो त्या नळीसारख्या भागाचा, एक लॉट गेला होता, ६०० पीस. त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, तपासायला प्लग गेज असतं. त्याची 'गो' बाजू भोकात गेली पाहिजे आणि 'नो-गो' अडली पाहिजे. वापरून वापरून आमची गो बाजू झिजली होती. झिजलेलं गेज बारीक होतं, त्यामुळे लहान राहिलेल्या भोकातही ते सहज जातं आणि खराब पीस पास होतो. लॉट रवाना झाल्यावर दोन दिवसांनी नवीन गेज आलं. एका ऑपरेटरने शिल्लक राहिलेल्या पीसमध्ये ते घालून बघितलं, तर ते तोंडालाच अडलं. मला हे कधी कळलं? आणखी तीन दिवसांनी. मी विचारलं, "लगेच का नाही बोललास?" तो खाली बघत राहिला. शेवटी दुसराच कोणीतरी म्हणाला, "साहेब, मागच्या वेळी याने सांगितलं तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर झापलं होतं."

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधकाने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला होता. चांगल्या गटांमध्ये औषधांच्या चुका कमी निघतील असं त्यांना वाटत होतं. आकडे उलटे आले, चांगल्या गटांमध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर त्याचा अर्थ असा लागला की तिथले लोक चुका बोलून दाखवत होते आणि इतर ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. मी हे बऱ्याच नंतर वाचलं, आणि वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तो खाली बघणारा मुलगा आला. मालकाने स्वतःची चूक कधीच कबूल केली नाही, तर बाकीचे कशाला करतील? म्हणून त्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं की गेज वेळेवर तपासून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, आणि याला झापलं तेही चुकलं.

मग ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यांना फोन लावला. "परवाच्या लॉटमध्ये बोअर कमी असलेले पीस असू शकतात. लाइनवर लावू नका. किती आहेत ते आत्ता माहीत नाही. उद्या सकाळी नवीन गेज घेऊन माझी दोन माणसं तुमच्याकडे येतील आणि एकेक पीस तपासतील." समोर काही वेळ शांतता. मग ते भडकले, आणि भडकायलाच हवं होतं. तपासणीत १४० पीस बाद निघाले. त्यानंतर त्या भागाचं अर्धं काम दुसऱ्या व्हेंडरकडे गेलं आणि आजपर्यंत परत आलेलं नाही. खरं बोललात की सगळं गोड होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. उरलेलं अर्धं काम मात्र अजून आमच्याकडे आहे, आणि तेच गृहस्थ नवीन ड्रॉइंग आलं की आधी मला फोन करून विचारतात, "हे जमेल का, खरं सांगा."

असं कबूल करताना काय बोलायचं याचा मला आवडलेला एक नमुना सॉफ्टवेअरच्या धंद्यातला आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाचही पद्धती उपयोगी पडल्या नाहीत, आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने काय झालं, काय गेलं, आत्ता काय चाललंय हे सगळं लोकांना वाचता येईल असं त्याच वेळी लिहीत नेलं आणि दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपित केलं. त्या इंजिनिअरला बळी दिलं नाही. काय झालं, तुमचं किती नुकसान झालं, आम्ही काय करतोय, पुढे कधी कळवू, एवढंच ग्राहकाला हवं असतं. "मला फार वाईट वाटतंय, रात्रभर झोप नाही" हे त्यात आलं की त्यालाच आपलं सांत्वन करत बसावं लागतं.

मोकळेपणाची एक मर्यादाही सांगतो. १९६६ मध्ये एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. लोकांना प्रश्नमंजुषेची ध्वनिफीत ऐकवली. ९२ टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्या माणसाच्या हातून शेवटी अंगावर कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना जास्त आवडला. ३० टक्केच उत्तरं देणाऱ्याच्या हातून सांडली, तर तो आधीपेक्षा कमी आवडला. म्हणून ज्या ग्राहकाने अजून तुमचं काम बघितलेलं नाही, त्याच्यापुढे आपल्या अडचणींची पोथी उघडू नका. आधी काम दिसू द्या.

आणि रात्री जी भीती वाटते, 'माझ्याने होणार नाही' असं जे आतून येतं, ते दाबूनही ठेवू नका. मला धंद्यातलेच दोन मित्र आहेत, दोघांचंही माझ्यावर किंवा माझ्या कामावर काहीच अवलंबून नाही. त्यांच्यापुढे मी रडलोय. कामगारांपुढे मी आकडा आणि तारीख घेऊन जातो, रडायला या दोघांकडे जातो.

राहिली तुमची बायको. कर्जाला त्यांची सही आहे का, घर तारण आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर सगळ्यांत आधी त्यांनाच सांगा, आज रात्रीच, कागद समोर ठेवून. नसेल, तरी मुलांची फी, दागिने, एखादं मोठं खरेदीचं ठरवणं, यातलं काही ना काही त्या याच महिन्यात तुमच्या "सगळं ठीक आहे"वर ठरवत असतील. मग उद्या सकाळी त्या उशीर होणाऱ्या ऑर्डरचा फोन करा. कामगारांशी सोमवारी बोला, तोवर तीन आकडे नीट काढा. काढताना अडलात तर खाली लिहा, आपण बसून काढू.