कयाक लाटांतून काढण्याआधी परतीची लाट बघा

खाडीत सहा महिने सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर उघड्यावर बसायची कयाक चालवून हात बसलाय, आता गुहागरच्या पुळणीवरून सुरमईला जायचंय, तर फुटणाऱ्या लाटांतून बाहेर कसं पडायचं, असा तुमचा प्रश्न आहे. बाहेर पडणं तुलनेने सोपं. माणसं जायबंदी होतात ती बहुतेक परत येताना, म्हणून निघायचं की नाही हे परतीच्या लाटेवरून ठरवा.

हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो आणि लाट गुळगुळीत असते. अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, तीच लाट चढते आणि वेडीवाकडी फुटते. सकाळी दिसते त्याच्या दीडपट दुपारी धरा आणि तेवढी झेपणार असेल तरच कयाक पाण्यात घाला. इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राच्या अंदाजात नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. सहा सेकंदांची एक मीटर लाट आणि तेरा सेकंदांची एक मीटर लाट यांत फार फरक आहे. जास्त सेकंदांची लाट उथळ पाण्यात येताना बरीच उंचावते.

भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे किती वाजता. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असल्याने पाण्याची चढ-उतारही कमी. नवख्याला हे दिवस बरे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पहाटे पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी असते. तेव्हा सपाट पुळणीवर लाटांच्या तीन-चार रांगा ओलांडाव्या लागतात.

जागा निवडताना उघडी मधली पुळण सोडा आणि डोंगराच्या आडोशाचं टोक धरा. खाडीच्या मुखातून सोपं जाईल असं वाटतं, पण सुकतीला खाडीचं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट येते आणि दोन्ही भिडून लाट उभी राहते. तिथून सुकतीला अजिबात नको.

आधी किनाऱ्यावर पंधरा मिनिटं नुसते बसा. मोठ्या लाटा तीन-पाचच्या घोळक्याने येतात, मग उसंत मिळते. ती उसंत घड्याळावर मोजा. भरलेली कयाक जोर लावून सेकंदाला दीड मीटर जाते, म्हणजे पन्नास मीटरचा फेसाळ पट्टा शांत पाण्यात पस्तीस सेकंदांत सुटतो, लाटा अंगावर घेत गेलात तर मिनिटभरात. उसंत तेवढी नसेल तर त्या दिवशी खाडीत चोणकाला जा. सुरुवातीला गुडघाभर लाट पुरे. कमरेएवढी लाट उभी आपटत असेल तर नवख्याने उतरूच नये.

सामान लावताना कयाक उलटणारच असं धरून चाला. रॉड आत ठेवा, नाहीतर आडवे घट्ट बांधा. गळ आणि ल्यूर (नकली आमिष) काढून डब्यात बंद करा. मोकळा गळ उलटल्यावर थेट तळहातात घुसतो. नांगर आणि जड वस्तू मध्यभागी किंवा सीटमागे ठेवा. पुढे वजन असलं तर नाक लाटेवर चढत नाही. हॅच (सामानाच्या कप्प्याचं झाकण) बंद, ड्रेन प्लग (पाणी काढायच्या भोकाचं बूच) घट्ट, रडर (सुकाणू) वर, पायाने चालवायचं पेडल असेल तर त्याचं युनिट काढून ठेवलेलं. लांब दोऱ्या लाटांच्या पट्ट्यात पायाला वेढे घालतात, म्हणून वल्ह्याची दोरीही तिथे गुंडाळून ठेवा. लाइफ जॅकेट आवळलेलं हवं, शिट्टी आणि फोन अंगावर. हेल्मेट घातलंत तर उत्तम.

मांडीभर पाण्यात कयाकच्या बाजूला उभे राहा, नाक लाटेशी काटकोनात. घोळक्यातली शेवटची लाट गेली की ढकला, आधी बूड सीटवर टाका, मग पाय आत. पट्टा, टोपी काही नीट करत बसू नका, लगेच वल्हवा. लाट समोर आली की थांबावंसं वाटतं. नेमकं तिथेच वेग जातो आणि कयाक मागे फेकली जाते. पुढे झुका, पातं लाटेच्या पाठीवर रोवून ओढा. वल्हं चेहऱ्यासमोर आडवं धरू नका, लाट ते दातांवर आणते. पार झालात की आणखी चार हात जोरात, कारण फेस मागे ओढतो.

कयाक आडवी झालीच तर लाटेकडे झुका आणि पातं लाटेवरच टेकवा. शरीर किनाऱ्याकडे झुकू पाहतं, पण तसं झुकलात की कयाक तुमच्यावर येते. पडलात तर समुद्राच्या बाजूला या आणि हँडल नुसत्या मुठीत धरा, पट्ट्यात मनगट अडकवू नका. तीस किलोच्या कयाकमध्ये पन्नास लिटर पाणी शिरलं की लाट ऐंशी किलोचा ओंडका ढकलत असते. गुडघे आणि घोटे मोडतात ते माणूस कयाक आणि किनारा यांच्या मध्ये उभा राहिल्यामुळे.

परतताना फुटणाऱ्या रेषेच्या बाहेरच थांबा. मासे, रॉड, फिश फाइंडर सगळं पुन्हा बांधा, पेडल वर घ्या. घोळका जाऊ द्या आणि शेवटच्या मोठ्या लाटेच्या पाठोपाठ, तिच्यामागेच राहून या. मागून नवी लाट आली तर मागे रेला आणि उलटं वल्हवून तिला खालून जाऊ द्या. तिच्यावर स्वार झालात की नाक वाळूत खुपसतं आणि मागची बाजू डोक्यावरून येते. भरवसा वाटत नसेल तर कमरेभर पाण्यात समुद्राच्या बाजूने उतरा, मागचं हँडल धरा आणि फेसाला कयाक पुढे नेऊ द्या. नाक वाळूला लागलं, मागे लाट नाही, हे बघूनच पुढे जाऊन ओढा.

पहिले तीन-चार दिवस गळ घरी ठेवा. रिकामी कयाक, सोबत एक माणूस आणि गुडघाभर लाट एवढंच घेऊन मुद्दाम दहा वेळा उलटा. चढताना पाय झाडून पोट कयाकवर आणा, कूस वळवा, बूड सीटवर, मग पाय आत. खोल पाण्यात दमलेले असताना हे अर्ध्या मिनिटात जमायला लागलं की मग रॉड लावा.